युरोपची फॅशन बघायचीय, पण काचेच्या बाहेरून नको. बारा दिवसांत कुठं जावं?

पायताणवाला

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय अठ्ठावन्न. कोल्हापुरात चपलांचं दुकान, आजोबांपासूनचं. आजोबा फक्त बनवायचे, वडील बनवायचे आणि विकायचे, मी फक्त विकतो. वादी ओढून तळ शिवायला मलाही येतं, पण वडील जो जोड दिवसात हातावेगळा करायचे त्याला मला तीन दिवस लागतील आणि गिऱ्हाईक चौथ्या दिवशी परत आणून देईल. खोटं कशाला बोला, दुकानातला निम्मा माल आता अथणी-निपाणीकडून येतो.

मुलगी-जावई हॉलंडात, आइंडहोव्हनला असतात. ऑक्टोबरात मी आणि मंडळी जातोय. व्हिसा झाला, तिकिटं झाली. नातीला खेळवून बारा दिवस फिरायला उरतात. एका ट्रॅव्हलवाल्याचं पत्रक आणलं होतं. दहा दिवसांत सात देश. रोज सकाळी सातला बॅगा खाली. पॅरिस आणि मिलानपुढं लिहिलंय, ‘फॅशनची राजधानी – शॉपिंगसाठी मोकळा वेळ’. मंडळी म्हणाल्या, आयुष्यभर दुकानात बसलाय, आता तिकडं जाऊन पण दुकानंच बघणार का?

बोलणं लागलं, कारण खरं होतं.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटलीतल्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये आपल्या चपला मॉडेल पोरांच्या पायात दिसल्या तेव्हा काय गदारोळ झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. सुरुवातीला कोल्हापूरचं नाव नव्हतं, मग बोंब झाल्यावर आलं. जुलैत त्यांची माणसं इथं येऊन गेली, डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार झाला. २००० जोड इथल्या कारागिरांकडून, किंमत साधारण ८०० युरो, म्हणजे ८० हजारांच्या वरच की. तेव्हापासून काउंटरवर दिवसाला चार जण विचारतात, ‘ते हेच का?’ आणि हो म्हटलं की आठशे रुपयाच्या जोडात शंभर कमी करा म्हणतात.

तर माझा प्रश्न. दुकानाच्या काचेत काय मांडलंय ते मोबाईलवर दिसतं. मला काचेच्या मागं बसलेला माणूस बघायचाय. त्याची चामड्याला भोक पाडायची आरी, चामडं कापायची रापी, जोडा ज्यावर चढवतात तो पायाच्या आकाराचा फर्मा. त्याला दिवसाला किती जोड होतात, त्याच्या पोराला हे काम करायचंय का. असं बघू देतात का तिकडं? कुठल्या गावात? मंडळींना कापडाची, जुन्या वस्त्रांची आवड आहे, त्यांचंही काही असावं. इंग्रजी दोघांचंही कामापुरतं. गुडघे माझे बरे आहेत, त्यांचे नाहीत.

आणि पायात काय घालू?

---

राजारामपुरी_सातवी_गल्ली

काका, नाद खुळा! थेट मिलान गाठा. डुओमो या मोठ्या चर्चच्या शेजारी गॅलेरिया आहे, काचेच्या छपराचा बाजार. १९१३ साली प्राडाचं पहिलं दुकान त्याच गॅलेरियात निघालं, तेव्हा चामड्याच्या बॅगा आणि प्रवासाच्या ट्रंका विकायचे. दुकान अजून तिथं आहे. पायात कापशी चप्पल घालायची आणि करकर वाजवत आत शिरायचं. व्हिडिओ काढा, व्हायरल करायची जबाबदारी माझी.

---

पायताणवाला

भावा, करकर वाजायला चप्पल नवी लागते, आणि नवी घालून दिवसभर हिंडलो तर अंगठा सोलून निघेल. आपण विकणारी माणसं, आपल्याला माहीत असतंय.

---

स्पष्टवक्ता_कागल

गोऱ्यांचं बघायला एवढा खर्च कशाला? आधी कापशी गावाला जाऊन या. सुभाषनगरात जाऊन या. तिथं काचसुद्धा नाही, थेट माणूसच बसलाय.

---

पायताणवाला

जातोय की. दर मंगळवारी जातो, पैसे द्यायला आणि शिव्या खायला. म्हणूनच दुसरीकडचं बघावं वाटतंय.

---

शिवणटाका

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी कोल्हापुरात एकतीस वर्षं मुलींना शिवणकाम शिकवलं. निवृत्तीनंतर भाच्याकडं इटलीत दोनदा राहून आले, त्या भरवशावर लिहिते. लांबेल.

मिलान सोडा. माझं मत आहे, पटलं नाही तर दुर्लक्ष करा. मिलानमध्ये विकणारे भेटतात, बनवणारे फारसे भेटत नाहीत. तुम्ही फ्लॉरेन्सला जा आणि चार दिवस एकाच खोलीत मुक्काम ठोका. गाव पायी फिरण्याएवढं आहे, वहिनींच्या गुडघ्यांना रोज बॅगा चढवायला नकोत. फक्त दगडी फरसबंदी आहे, तेवढी काळजी घ्या.

पहिल्या दिवशी सांता क्रोचे चर्च. पुढून गर्दी असते. तुम्ही मागच्या अंगाला सान जुझेप्पे गल्लीत जा. तिथल्या दारातून आत गेलं की ‘स्कुओला देल कुओयो’ लागतं, म्हणजे चामड्याची शाळा. दुसऱ्या महायुद्धात पोरकी झालेली मुलं हाताला कसब येऊन पोटाला लागावीत म्हणून फ्रान्सिस्कन साधूंनी आणि चामड्याच्या धंद्यातल्या दोन घराण्यांनी मिळून १९५० साली ती काढली. जागा कुठली, तर मठात नवशिके साधू निजायचे ती. लांबलचक कमानीची ओवरी आणि दोन्ही बाजूंना कामाची टेबलं. मी गेले तेव्हा एक बाई बॅगेच्या पट्ट्याची कड रापीनं पातळ करत होती. मी तिथंच थांबले. तिनं वर बघितलं, मी बोटांनी शिवायची खूण केली, तिनं पट्टा माझ्या हातात दिला. बोलणं एवढंच झालं, पंधरा मिनिटं. भाषेची चिंता करू नका. कारागीर कारागिराचा हात बघतो. कामाच्या दिवशी जा मात्र, सुट्टीला टेबलं रिकामी असतात.

वास आला की तुम्हाला दुकानातच आल्यासारखं वाटेल. तिकडंही झाडपाल्यात कमावलेलं चामडं अजून टिकून आहे. आपल्याकडं बाभळीची साल आणि हिरडा, तिथं चेस्टनट आणि क्वेब्राचो या झाडांचं लाकूड आणि मिमोसाची साल. आता ही मिमोसा म्हणजे बाभळीच्याच कुळातलं झाड बरं का. चामडं कमावण्याचे कारखाने आर्नो नदीच्या खालच्या अंगाला आहेत, त्या गावाचं नावही सांता क्रोचेच, पुढं ‘सुल्लार्नो’. नावात फसू नका, मी फसले होते आणि भाचा दोन दिवस हसत होता.

दुसरं, फेरागामोचं संग्रहालय. सांता त्रिनिता पुलाजवळच्या जुन्या दगडी वाड्यात आहे. साल्वातोरे फेरागामो हा नेपल्सकडच्या बोनितो नावाच्या खेड्यातला, १८९८ चा जन्म. जोडे शिवणं हलकं काम म्हणून घरच्यांना नको होतं. पोरगं अमेरिकेला गेलं, तिथं सिनेमातल्या नट्यांचे जोडे केले, आणि १९२७ ला परत आलं ते फ्लॉरेन्सला, कारण हाताचं कसब असलेली माणसं त्याला तिथं मिळाली. चपला तुम्ही माझ्यापेक्षा बारकाईनं बघाल. मी सांगते ते दोन गोष्टींचं. एक, लाकडी फर्मे. मर्लिन मन्रो, ऑड्री हेपबर्न, एकेकीच्या पायाचा वेगळा. तिकडंही फर्म्याला ‘फोर्मा’च म्हणतात, ऐकून मला गंमत वाटली. दुसरी, बुचाच्या लाकडाची उंच टाच. इथिओपियावर चढाई केली म्हणून १९३५ मध्ये इटलीवर निर्बंध आले, जोड्याच्या कमानीत घालायचं चांगलं पोलाद मिळेना, तर या गड्यानं बूच चिकटवून टाच आणि तळ सलग भरून काढला. आज आपल्या पोरी ज्याला वेजेस म्हणतात ते हेच. आपल्याकडं २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैलाच्या कातड्याची अडचण झाली तेव्हा मला हे आठवलं होतं. पुढं १९४७ ला त्यानं नायलॉनच्या दोऱ्यांची ‘अदृश्य’ सँडल केली. मासे धरायच्या गळाला लावतात तसला दोरा.

वहिनींसाठी पित्ती राजवाडा. सोमवारी बंद असतो. आत पोशाखांचं दालन आहे, तिथं फ्लॉरेन्सची डचेस, तोलेदोची एलिओनोरा, हिचा झगा बघा. १५६२ मध्ये गेली ती, आणि हा तिला पुरताना घातलेला. कबरीतून निघालेल्या चिंध्या वर्षानुवर्षं खपून एकेक धागा धरून जोडल्यात. शिवण शिकवणारी बाई म्हणून सांगते, मला तिथं रडू आलं. रेशीम कुजलंय पण टाके धरून आहेत. त्याच राजवाड्यातल्या पांढऱ्या दिवाणखान्यात १९५२ पासून इटलीचे फॅशन शो सुरू झाले. त्याच्या आदल्या वर्षी जोर्जिनी नावाच्या व्यापाऱ्यानं स्वतःच्या घरी पहिला भरवला होता. पॅरिसला आलेल्या अमेरिकन खरेदीदारांना त्यानं फ्लॉरेन्सला बोलावून घेतलं. तोवर फॅशन म्हणजे पॅरिस असंच होतं. मिलानचा बोलबाला त्यानंतरचा.

आता शेवटचं, आणि यासाठीच खरं लिहायला बसले. एक सकाळ राखून ठेवा आणि कास्चिने बागेत जा. ट्राम बागेच्या अलीकडच्या टोकाला सोडते, तुम्हाला जायचंय पार पश्चिमेच्या टोकाला, तीनेक किलोमीटर. वहिनींसाठी टॅक्सी करा. आर्नोला मुन्योने नदी मिळते तिथं आपल्या कोल्हापूरच्या दुसऱ्या राजाराम महाराजांची छत्री, म्हणजे स्मारक आहे. इंग्लंडचा दौरा करून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला ते फ्लॉरेन्सला वारले, वय अवघं वीस. त्या काळी तिथं दहनाची पद्धत नव्हती, खास परवानगी काढून संगमावर अग्नी दिला. १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. आराखडा चार्ल्स मँटचा, म्हणजे आपल्या नव्या राजवाड्याचाच माणूस. आत महाराजांचा अर्धपुतळा आहे, फुलर नावाच्या शिल्पकारानं केलेला. आणि तो नुसता पांढरा संगमरवर नाही, रंगवलेला आहे. डोईला पागोटं, गळ्यात दागिने, अंगरखा. सगळ्या फ्लॉरेन्सभर मी नागडे पुतळे बघत हिंडले होते. इथं पहिल्यांदा कपड्यांतला माणूस भेटला, तो आपला. लोक त्या जागेला ‘इंदियानो’ म्हणतात, शेजारच्या मोठ्या पुलालाही तेच नाव. कोण हे तिथल्या सायकलवाल्याला विचारलं तर ‘कुठलासा हिंदुस्थानी राजकुमार’ म्हणाला.

---

राजारामपुरी_सातवी_गल्ली

बाई, हे माहीतच नव्हतं. इंजिनिअरिंगला चार वर्षं राजाराम महाराजांच्या नावाच्या रस्त्यानं कॉलेजला जात होतो. मिलानचा सल्ला मागे घेतो.

---

धोटा

मी इचलकरंजीचा, मागवाला. वडलांचे आठ माग, माझे चोवीस, त्यातले सध्या चौदा चालू. बाईंच्या पुढं काय लिहावं, पण वहिनींना कापडाची आवड म्हणताय म्हणून ल्योंचं सांगतो. फ्रान्समध्ये आहे. यंत्रं बघायला मिलानजवळच्या एका प्रदर्शनाला गेलो होतो, तिथून वाकडी वाट करून दोन दिवस गेलो.

ल्यों म्हणजे रेशमाचं गाव. क्रॉआ-रूस नावाची टेकडी आहे, गाववाले म्हणतात ही कामाची टेकडी आणि समोर चर्च आहे ती प्रार्थनेची. विणकरांना तिथं ‘कानू’ म्हणायचे. त्यांची घरं बघितली आणि मी हसलोच. खोलीची उंची चार मीटरच्या आसपास. का? तर मागाच्या डोक्यावर जकार्ड, म्हणजे नक्षी विणायचं यंत्र, बसायचा. घर माणसाच्या मापानं नाही बांधलेलं, मागाच्या मापानं बांधलंय. पोरंबाळं वर माळ्यावर निजायची. आमच्या गावभागातली जुनी घरं आठवा, माग पुढच्या सोप्यात आणि माणसं मागं.

जकार्ड हे माणसाचं नाव, हे मला चाळीस वर्षं जकार्डचे पुठ्ठे हाताळून ल्योंला कळलं. जोसेफ मारी जकार, १८०४ च्या सुमारास त्यानं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी चालवली. त्याआधी मागाशेजारी पोरगं बसवायचे, दोऱ्या ओढायला. ते पोरगं सुटलं, पण विणकरांना वाटलं आता आपणही सुटणार, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. १८३१ ला आणि परत १८३४ ला कानूंनी उठाव केला. भांडण कशाचं? मजुरीच्या दराचं. व्यापारी ठरलेला दर देईनात. हे वाचलं आणि खाली इचलकरंजी असं लिहायचं राहिलंय असं वाटलं. पुढं त्याच पुठ्ठ्यांवरून कॉम्प्युटरवाल्यांनी कल्पना घेतली म्हणतात. १८३९ मध्ये जकारचं चित्र रेशमात विणलं, त्याला २४००० पुठ्ठे लागले. मी त्या आकड्यापाशी बराच वेळ उभा होतो. साध्या काठाला आम्हाला काही शे लागतात आणि कार्ड पंच करणारा तोंडाला फेस आणतो.

‘मेझों दे कानू’ म्हणून जागा आहे, तिथं हातमाग चालवून दाखवतात. ठराविक वेळा असतात, विचारून जा. मी जीभ आवरली नाही, दाखवणाऱ्याला खुणेनं सांगितलं की तुझा ताणा ढिला आहे. त्यानं बघितलं, घट्ट केला आणि मला धोटा, आडवा दोरा नेतो तो, फेकायला दिला. हातमागाचा धोटा आयुष्यात पहिल्यांदा धरला. आमच्याकडं १९०४ पासून यंत्रमाग, हातमाग आजोबांच्या आधीच गेला. तीनदा सुटला हातातून.

आणखी एक, ‘त्राबूल’. घराघरांतून आरपार जाणारे बोळ. विणलेलं रेशीम पावसात न भिजता खाली व्यापाऱ्याकडं न्यायला सोयीचे. वहिनींना पायऱ्या जमणार नसतील तर एखादाच करा. टेकडीवर मेट्रो जाते.

पॅरिसचं विचाराल तर मला काही समजलं नाही तिथं. सगळं चकचकीत.

---

टिलबर्गची_सून

काका, मी तुमच्या मुलीपासून जवळच राहते. माहेर गडहिंग्लज. इटली-फ्रान्सला जाल तेव्हा जाल, पण घराशेजारचं सोडू नका.

आइंडहोव्हनहून टिलबर्ग रेल्वेनं अर्ध्या तासाच्या आत. हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव होतं. जुन्या गिरणीतच कापडाचं संग्रहालय आहे, आणि तिथं एक भाग चालू कारखान्यासारखा आहे. मोठाले माग आणि विणायची यंत्रं सुरू असतात, चित्रकार-डिझायनर येऊन काम करून घेतात, आपण शेजारी उभं राहून बघायचं. माझ्या सासूबाई दोन तास हलल्या नाहीत.

आणि वालवाइक. हे तुमच्यासाठीच. हॉलंडचा जोड्यांचा पट्टा तिथंच होता, आता २०२२ पासून नवं शूज म्युझियम झालंय. गावाला रेल्वे नाही, बस धरावी लागते.

वहिनींना सांगा, ॲमस्टरडॅमच्या राइक्समुझेयममध्ये आपल्याकडच्या छापील सुती कापडाचे झगे आहेत. कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून डच कंपनीनं जहाजं भरभरून नेलेलं कापड. इथं त्याला ‘सिट्स’ म्हणतात. आजी म्हणायची ना ‘चिटाचं परकर’? तोच शब्द.

चपलेचं म्हणाल तर ऑक्टोबरात इथं पाऊस आडवा येतो. कोल्हापुरी बॅगेतच ठेवा.

---

शिवणटाका

मागवाले दादा, पॅरिसबद्दल थोडं जास्तच बोललात. गालिएरा हे शहराचं पोशाखांचं संग्रहालय चांगलं आहे, पण जायच्या आधी काय मांडलंय ते बघून जा, मांडणी बदलत असते.

एक गंमत पायताणवाल्यांना सांगते. पॅरिसची ही मोठमोठी फॅशनघरं ज्यानं सुरू केली म्हणतात तो फ्रेंच नव्हताच. चार्ल्स वर्थ, इंग्रज. १८५८ ला त्यानं पॅरिसमध्ये दुकान थाटलं. त्याआधी शिंपी म्हणजे बाई सांगेल ते शिवून देणारा. यानं झग्याच्या आत स्वतःच्या नावाची पट्टी शिवली. तिथून शिवणाऱ्याला नाव आलं. तुमच्या चपलेवर कुणाचं नाव असतं?

---

पायताणवाला

बाई, दुकानाचं. सोनेरी शिक्का, अंगठ्याखाली. चार दिवसांत पुसला जातो.

कारागिराचं नाव कधी घातलं नाही. २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा चार जिल्हे महाराष्ट्राचे आणि चार कर्नाटकाचे अशी नावं आली, माणसांची नाही. माझ्याकडं जो कापशीचा जोड सगळ्यात जास्त खपतो त्याची वेणी ज्या बाई घालतात त्यांना मी सोळा वर्षं ओळखतो आणि माझ्या वहीत त्यांच्या नवऱ्याचं नाव आहे. हे लिहिताना लक्षात आलं. उद्या मंगळवार आहे.

बेत असा ठरवलाय. पहिले दोन दिवस घराजवळचं, टिलबर्ग आणि वालवाइक, नातीला घेऊन. मग विमानानं फ्लॉरेन्स, पाच रात्री. परत येताना ल्यों दोन रात्री, मंडळींनी चार मीटरच्या खोलीचं वाचलं आणि तेवढ्यासाठी हट्ट धरलाय. मिलान नाही. पॅरिस नाही. ट्रॅव्हलवाल्याला फोन करून सांगितलं तर म्हणाला, काका, मग युरोपला जाऊन बघितलं काय म्हणून सांगणार?

छत्रीला जाताना काय न्यावं, बाई? फुलं तिकडं मिळतील. मंडळी म्हणतात अंबाबाईचं कुंकू घेऊ. मी वडलांनी केलेला शेवटचा जोड काढून ठेवलाय, तेल लावून. आठ नंबर, बक्कलनाळी प्रकारचा, १९९४ चा. तिथं ठेवायचा नाही, घालून जायचं आहे.

---

शिवणटाका

कुंकू न्या. आणि त्या दिवशी पाऊस असला तर?

---

पायताणवाला

तर जावयाचे बूट. बॅगेत जोड घेऊन जाईन आणि छत्रीखाली बदलीन.